आवक किती, विसर्ग किती: तेजस नेटवर्क्सच्या शेअरचं एक प्रकरण

ऑक्टोबर २०२४, दिवाळीला जेमतेम दहा-बारा दिवस राहिले होते. नाशिकहून मावसभावाचा फोन आला.

"दादा, तेजसचा निकाल बघितलास का? एका तिमाहीत पावणेतीनशे कोटी नफा! बोनसचे दोन लाख आलेत. मुहूर्ताच्या सौद्यात सगळे यातच टाकावेत म्हणतो."

तो कारखान्यात क्वालिटीच्या कामाला आहे, आकड्यांना घाबरणारा नाही. त्याने गणितही करून ठेवलं होतं. तिमाहीचा नफा २७५ कोटी, म्हणजे वर्षाचा अकराशे. कंपनीचे शेअर साधारण साडेसतरा कोटी, भाव तेराशेच्या घरात, म्हणजे अख्ख्या कंपनीची किंमत पावणेतेवीस हजार कोटी. भागाकार केला तर पी-ई, म्हणजे किंमत वर्षाच्या नफ्याच्या किती पट हा आकडा, जेमतेम २१. "टाटांची कंपनी, स्वदेशी फोर-जी, पुढे फाइव्ह-जी, आणि पी-ई एकवीस. यात चुकीचं काय आहे ते सांग."

त्याच्या आकडेमोडीत चूक नव्हती. चूक एक गुणाकार मुळात करण्यातच होती, आणि ती सापडायला आम्हाला पुढचा अख्खा रविवार लागला. नव्या वायरलेस तंत्रज्ञानाचा शेअर समोर आला की तो कसा तपासावा, याचं इतकं स्वच्छ उदाहरण पुन्हा मिळणार नाही, म्हणून ते सगळं इथे मांडतो. माझ्याकडे हा शेअर तेव्हा नव्हता, आजही नाही. काही वर्षं मी टॉवर उभारणीच्या कामात होतो, त्यामुळे टॉवरवर काय टांगलेलं असतं एवढं कळतं. बाकीचं ताळेबंद वाचून.

टॉवरवरची पेटी

तेजस नेटवर्क्स ही बेंगळुरूची कंपनी, २००० साली सुरू झालेली. पहिली वीसेक वर्षं तिचं मुख्य काम तारेच्या बाजूचं होतं: ऑप्टिकल फायबरमधून डेटा वाहून नेणारी उपकरणं. जून २०१७ मध्ये २५७ रुपयांनी आयपीओ, म्हणजे लोकांसाठी पहिली शेअरविक्री, आला. जुलै २०२१ मध्ये टाटा सन्सच्या पॅनाटोन फिनव्हेस्ट या कंपनीने २५८ रुपये भावाने मोठा हिस्सा घ्यायचं जाहीर केलं आणि कंपनीचं नशीब पालटलं. हातात रोख आली. २०२२ मध्ये बेंगळुरूच्याच सांख्य लॅब्जचा ६४ टक्के हिस्सा सुमारे २८४ कोटींना घेतला आणि वायरलेसमधलं कौशल्य घरात आलं.

मग आलं मोठं काम. बीएसएनएलने फोर-जीसाठी २०२० मध्ये काढलेली निविदा रद्द झाली होती. गलवाननंतर चिनी उपकरणं दाराबाहेर गेली आणि सरकारने ठरवलं की बीएसएनएलचं फोर-जी देशी तंत्रज्ञानावरच उभं राहील. कोअर, म्हणजे नेटवर्कचा मध्यवर्ती भाग, सी-डॉट या सरकारी संस्थेचा, जोडणी टीसीएसची आणि टॉवरवरचे रेडिओ तेजसचे. ऑगस्ट २०२३ मध्ये टीसीएसकडून तेजसला ७,४९२ कोटींची ऑर्डर मिळाली, एक लाख ठिकाणांच्या रेडिओ उपकरणांची. त्याआधीच्या, म्हणजे २०२२-२३ च्या वर्षात कंपनीची उलाढाल हजार कोटींनाही पोहोचली नव्हती. घरात एक माणूस जेवणारा आणि दारात अख्खी पंगत, असा प्रकार.

रेडिओ म्हणजे नेमकं काय, हे भावाला सांगताना मी त्याला त्यांच्या घरामागच्या टॉवरकडे बघायला लावलं. वर उभ्या लांबट पट्ट्या दिसतात ते अँटेना. त्यांच्या पाठीशी सुटकेससारखी, पंखे नसलेली, पन्हाळी पत्र्यासारख्या पात्यांची पेटी असते, ती रिमोट रेडिओ. तिच्यातून एक फायबर खाली उतरतो आणि खालच्या केबिनमधल्या, सिग्नलवर प्रक्रिया करणाऱ्या बेसबँड युनिटला लागतो. या दोन पेट्या आणि त्यांच्यातलं सॉफ्टवेअर हाच सगळा मामला. जगात ही जोडी मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच: ह्वावे, एरिक्सन, नोकिया, झेडटीई, सॅमसंग. त्या पंक्तीत एका भारतीय कंपनीने पान मांडलं, ही गोष्ट खरोखर मोठी आहे. मी टॉवरवर होतो तेव्हा कुणी असं म्हटलं असतं तर आम्ही हसलो असतो.

म्हणून त्या रविवारी पहिल्याच तासात तंत्रज्ञानाबद्दल आमचं एकमत झालं. पेट्या चालतात. प्रश्न उरला तो शेअरचा.

पाच वर्षांपूर्वीचं पान

कुठल्याही कंपनीचा जुना वार्षिक अहवाल आधी काढावा, नवा मागाहून. नवा अहवाल कंपनीने लिहिलेला असतो, जुना काळाने तपासलेला.

२०१८-१९ मध्ये तेजसची उलाढाल ९०० कोटींच्या आसपास आणि नफा १४७ कोटी होता. पुढच्याच वर्षी उलाढाल ४०० कोटींच्या खाली गेली आणि तोटा झाला २३७ कोटी. तंत्रज्ञान बिघडलं नव्हतं, गिऱ्हाईक गेलं नव्हतं. सरकारी गिऱ्हाइकाचा हात आखडला, कामं थांबली, येणी अडकली. मार्च २०२० च्या पडझडीत शेअर चाळीस रुपयांच्याही खाली होता. २५७ ला घेतलेला.

भाऊ म्हणाला, "पण तेव्हा टाटा नव्हते." बरोबर. टाटा आल्याने कंपनी बुडण्याची भीती गेली. पण ऑर्डर एका वर्षात येणार आणि दुसऱ्या वर्षात नाही, हे मालक बदलल्याने बदलत नाही. मजबूत मालक दुष्काळात विहिरीला पाणी आणत नाही, तो फक्त टँकर मागवू शकतो.

साठा, आवक, विसर्ग

इथे प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबतो.

आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पेपरात रोज धरणांचा तक्ता येतो: साठा, आवक, विसर्ग. नाशिककराला तर तो तोंडपाठ. गंगापूरमधून किती क्युसेक सोडलं यावर गोदाकाठच्या दुकानदारांची झोप अवलंबून असते. मी भावाला म्हटलं, कंपनीची ऑर्डर बुक, म्हणजे हातातल्या अजून पुऱ्या न झालेल्या ऑर्डरी, हा साठा, तिमाहीची उलाढाल म्हणजे विसर्ग. आता आवक शोध.

आवक, म्हणजे त्या तिमाहीत नव्याने मिळालेल्या ऑर्डरी, निकालाच्या मथळ्यात नसते. पण वजाबाकीने निघते. मार्च २०२४ अखेर ऑर्डर बुक होती ८,२२१ कोटी. जूनच्या तिमाहीत उलाढाल १,५६३ कोटी. जूनअखेर ऑर्डर बुक ७,०९१ कोटी. म्हणजे ८,२२१ मधून १,५६३ गेले तर ६,६५८ उरायला हवे होते, उरले ७,०९१. फरक ४३३ कोटी. ही त्या तिमाहीची आवक.

सप्टेंबरची तिमाही: सुरुवात ७,०९१, विसर्ग २,८११, अखेर ४,८४५. आवक ५६५ कोटी. उलाढालीच्या आकड्यात सरकारी प्रोत्साहन वगैरे थोडं मिसळलेलं असतं, त्यामुळे दहा-वीस कोटी इकडेतिकडे होतील, चित्र बदलत नाही.

भावाने ते दोन आकडे कागदाच्या कडेला लिहिले आणि गप्प बसला. विसर्ग २,८११, आवक ५६५. धरणाचे सगळे दरवाजे उघडलेले, वर पाऊस थांबलेला, आणि पुलावर उभी राहून माणसं पाण्याचे फोटो काढताहेत. ४,८४५ ला २,८११ ने भागलं तर १.७ येतात. त्याच वेगाने काम चाललं तर पाच महिने आणि काही दिवसांत ऑर्डर बुक कोरडी. तो ज्या नफ्याला चारने गुणत होता, तो चार तिमाह्या टिकायला साठाच नव्हता.

पी-ई २१ दिसत होता तो यामुळे. लग्नाच्या सीझनमधल्या मंडपवाल्याची मे महिन्याची कमाई बाराने गुणली की तोही स्वस्तच दिसतो.

या वजाबाकीला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. तरी त्या आठवड्यात मी वाचलेल्या बातम्यांमध्ये उलाढाल कितीपट वाढली हे सगळीकडे होतं, ऑर्डर बुक एका तिमाहीत सव्वादोन हजार कोटींनी खाली आल्याचं शेवटच्या परिच्छेदात, ते सुद्धा असलं तर.

दुसरं गिऱ्हाईक कुठे आहे

भावाचा पुढचा मुद्दा रास्त होता. "धरण रिकामं होईल, पण पुन्हा पाऊस येईलच ना? एकदा एवढं मोठं काम करून दाखवल्यावर जिओ, एअरटेल, व्ही, सगळे घेतील."

मी म्हटलं, व्हीचं उत्तर गेल्याच महिन्यात मिळालंय. सप्टेंबर २०२४ मध्ये व्होडाफोन आयडियाने तीन वर्षांसाठी ३.६ अब्ज डॉलरचं, म्हणजे तीस हजार कोटींचं उपकरणांचं कंत्राट दिलं. नोकिया, एरिक्सन आणि सॅमसंगला. तेजसच्या सबंध ऑर्डर बुकच्या सहापट काम डोळ्यांदेखत तिघांत वाटलं गेलं आणि चौथं पान मांडलं गेलं नाही. जिओचं फाइव्ह-जी एरिक्सन-नोकियावर, एअरटेलचं एरिक्सन, नोकिया, सॅमसंगवर.

यात कुणी देशी कंपनीवर अन्याय करतंय असं समजू नये. एका टॉवरवरचा रेडिओ बदलायचा म्हणजे काय काय करावं लागतं ते मी पाहिलेलं आहे. रात्री बारा ते पहाटे पाच एवढीच काम करायची मुभा. रिगर, म्हणजे टॉवरवर चढणारा कामगार, दोरावर लटकून जुनी पेटी सोडवणार, वीसेक किलोची नवी वर खेचणार, जोडण्यांवर टेप गुंडाळणार. खाली एक इंजिनिअर लॅपटॉप मांडीवर घेऊन साइट जागी होते का बघत बसलेला. पहाटे गाडीत दोन फोन लावून ड्राइव्ह टेस्ट, म्हणजे फिरून सिग्नल तपासणं. शेजारच्या टॉवरवर जुन्याच कंपनीचा रेडिओ असेल तर दोघांच्या हद्दीवर कॉल तुटतात, मग आठवडाभर ते निस्तरायचं. हे हजारो टॉवरवर. शिवाय सुटे भाग, प्रशिक्षित माणसं, बिलिंगपर्यंत जोडलेलं सॉफ्टवेअर. थोडी किंमत वाचते म्हणून कुठलाही ऑपरेटर हे करत नाही. पिढी बदलते तेव्हाच दार उघडतं, आणि फाइव्ह-जीचं दार ऑक्टोबर २०२२ मध्ये उघडून दोन वर्षांत जवळजवळ बंदही झालं होतं. जुलै २०२४ मध्ये नोकियाने आपल्या तिमाही निकालात भारतातली विक्री निम्म्याहून जास्त घटल्याचं सांगितलं, कारण उभारणीचा जोर ओसरला होता. नोकियासारख्याच्या ताटातलं वाढप कमी झालं असताना नव्या भिडूला जास्त वाढलं जाईल, हे मानायला काही आधार हवा.

आधाराच्या बाजूनेही बऱ्याच गोष्टी होत्या, त्या लपवत नाही. जून २०२१ पासून टेलिकॉम उपकरणं सरकारने विश्वासार्ह ठरवलेल्या स्रोतांकडूनच घ्यावी लागतात, त्यामुळे चिनी स्पर्धा भारतात जवळजवळ संपली. देशातल्या उत्पादनाला प्रोत्साहन देणारी १२,१९५ कोटींची पीएलआय योजना होती. गावोगाव इंटरनेट नेणाऱ्या सरकारी भारतनेटच्या तिसऱ्या टप्प्यात राउटरची कामं निघणार होती, ती तेजसच्या जुन्या, तारेच्या बाजूची. बीएसएनएल आणखी काही हजार टॉवर घेईल अशी चर्चा होती, आणि हेच रेडिओ पुढे फाइव्ह-जीला चालवता येतील असं सांगितलं जात होतं. परदेशांतही चीन नको म्हणणारे ऑपरेटर आहेत. हे सगळं खरं. पण यातलं ऑर्डर बुकमध्ये काय उतरलंय, हे आवक सांगते. आवक सांगत होती: तिमाहीला साधारण पाचशे कोटी.

वायरलेसमध्ये पैसा नेमका कुठे साचतो, यावरही त्या दुपारी बोलणं झालं. १९९९ मध्ये अमेरिकेच्या क्वालकॉमचा शेअर एका वर्षात सव्वीसपटींहून जास्त वाढला. आज ते सीडीएमए या त्यांच्या मोबाइल तंत्रज्ञानाच्या विजयाची गोष्ट म्हणून सांगितलं जातं. पण त्याच वर्षी क्वालकॉमने टॉवरची उपकरणं बनवणारा आपला विभाग एरिक्सनला विकला आणि हँडसेटचा धंदा क्योसेराला द्यायचं ठरवलं. पेट्या बनवायचं काम दुसऱ्यांना देऊन पेटंटची रॉयल्टी आणि चिपा तेवढ्या ठेवल्या. जगात कुणाचाही फोन विकला गेला की त्यांना वाटा. इतकं शहाणपण करूनही २००० च्या सुरुवातीच्या शिखरावर शेअर घेतलेल्याला तो भाव पुन्हा दिसायला सुमारे वीस वर्षं लागली. आणि पेट्या बनवणारी, एके काळी कॅनडाची शान असलेली नॉर्टेल जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. तेजस पेट्या बनवते. वाईट धंदा नाही, पण दर ऑर्डरीला नव्याने नांगर धरावा लागतो.

उधारी

ताळेबंदाच्या पानावर फार वेळ गेला नाही, कारण एका नजरेत कळलं. टाटा आले तेव्हा कंपनीवर कर्ज नव्हतं, उलट शिल्लक होती. आता येणी आणि माल यांत पैसा गुंतला होता आणि कर्ज चढत होतं. याचं कारण साधं. माल पाठवला की उलाढाल नोंदली जाते. पैसे मात्र टॉवर उभा राहून, चालून, तपासून झाल्यावर टप्प्याटप्प्याने, बीएसएनएलकडून टीसीएसकडे आणि तिथून तेजसकडे. तोवर चिपवाल्यांचे आणि पगाराचे पैसे खिशातून. २७५ कोटी नफा कागदावर होता, बँकेत नव्हता.

कंपनीच्या माणसांपैकी साठ टक्क्यांहून अधिक संशोधनात होती. ही अभिमानाची गोष्ट आणि तोच धोका. ऑर्डर निम्मी झाली तर कंत्राटी कामगार कमी करता येतात, रेडिओचं सॉफ्टवेअर लिहिणारे इंजिनिअर घरी पाठवता येत नाहीत. पाठवले तर पुढच्या पिढीचं उत्पादनच संपलं. म्हणजे चढताना नफा उलाढालीपेक्षा वेगाने चढतो आणि उतरताना तितक्याच वेगाने घसरतो.

मग भाव किती

चहा झाल्यावर मागच्या पानावर दोन गणितं मांडली.

पहिलं, नेहमीच्या पावसाचं. आवक पाचशे कोटी तिमाहीला म्हणजे वर्षाला दोन हजार. थोडं उदार होऊन अडीच हजार धरू. निव्वळ नफा ८ टक्के, म्हणजे २०० कोटी. टाटा, स्वदेशी, भविष्य, सगळ्याचा मान राखून ४० पट देऊ. आठ हजार कोटी. भागिले साडेसतरा कोटी शेअर, ४५७ रुपये.

दुसरं, चांगल्या पावसाचं. बीएसएनएलची पुढची ऑर्डर वेळेत आली, भारतनेट मिळालं, परदेशात एखादा ऑपरेटर लागला. वर्षाला पाच हजार कोटी उलाढाल, ९ टक्के नफा, ४५० कोटी. ३५ पट दिले. पंधरा हजार साडेसातशे कोटी, म्हणजे नऊशे रुपये.

बाजारात भाव तेराशे. त्याच वर्षी जूनमध्ये तो दीड हजाराच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आला होता. सगळं मनासारखं झालं तरी नऊशे आणि आज मागताहेत तेराशे, तर मधले चारशे कशाचे? भाऊ म्हणाला, "उत्साहाचे." मी म्हटलं, त्याला डिव्हिडंड मिळत नाही.

चाळीस पटच का, पन्नास का नको, असं तो विचारत होता. त्याला चोख उत्तर नाही. पन्नास केले तर ४५७ चे ५७१ होतात, तेराशे होत नाहीत, एवढंच मी म्हणू शकलो.

शेवटी मुहूर्ताला त्याने पंधरा शेअर घेतले, शास्त्रापुरते. बाकीचे पैसे मुलीच्या नावाने इंडेक्स फंडात गेले.

पुढच्या चार तिमाह्या

डिसेंबर २०२४ ची तिमाही: उलाढाल २,६४२ कोटी, नफा १६६ कोटी, ऑर्डर बुक २,६८१ कोटी. वजाबाकी केली, आवक ४७८. मार्च २०२५: उलाढाल १,९०७ कोटी, ७२ कोटी तोटा, ऑर्डर बुक १,०१९ कोटी. आवक २४५. वर्षाची एकूण उलाढाल ८,९२३ कोटी, आदल्या वर्षीच्या २,४७१ कोटींच्या साडेतीनपटींहून जास्त. वर्षाचा नफा ४४६ कोटी. कंपनीच्या इतिहासातलं सर्वांत मोठं वर्ष आणि त्याच वर्षाअखेर धरणाच्या तळाचे दगड दिसायला लागलेले.

मे २०२५ मध्ये पाऊस आल्यासारखं वाटलं. बीएसएनएलने टीसीएसला आणखी १८,६८५ ठिकाणांसाठी २,९०३ कोटींची आगाऊ खरेदी ऑर्डर दिली, त्यात तेजसचा वाटा सुमारे १,५२६ कोटींचा. पण आगाऊ ऑर्डर म्हणजे साखरपुडा. पक्की ऑर्डर येईपर्यंत माल निघत नाही, आणि ती लांबत गेली. जून २०२५ च्या तिमाहीत उलाढाल आली २०२ कोटी. आदल्या वर्षी याच तिमाहीत १,५६३ होती. तोटा १९४ कोटी. पगार तेवढेच, व्याज वाढलेलं, पडून राहिलेल्या मालासाठी तरतुदी.

मग सप्टेंबर २०२५ ची तिमाही. २७ सप्टेंबरला ओडिशातल्या झारसुगुडा इथे पंतप्रधानांच्या हस्ते बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जीचं उद्घाटन झालं. सुमारे ३७ हजार कोटी खर्चून उभारलेले साडेसत्त्याण्णव हजार टॉवर. स्वतःची टेलिकॉम उपकरणं बनवणाऱ्या मोजक्या देशांत भारत जाऊन बसला, अशा बातम्या आल्या, आणि त्या खऱ्या होत्या. भावाने मला तो व्हिडिओ पाठवला. त्याच तिमाहीत तेजसची उलाढाल २६२ कोटी आणि तोटा ३०७ कोटी. तंत्रज्ञान सिद्ध झाल्याचा सोहळा आणि कंपनीचा मोठा तोटा एकाच तिमाहीत. रेडिओ पाठवले तेव्हाच ती विक्री उलाढालीत नोंदली गेली होती, सोहळा मागाहून झाला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये शेअर पाचशेच्या आसपास होता.

माझं काय चुकलं

आता कुणी म्हणेल, ४५७ काढले होते आणि पाचशे आले, वा! भावानेही तेच म्हटलं आणि मला ते ऐकायला बरं वाटलं. पण ही शाबासकी घेण्यासारखी नाही. माझं ४५७ हे वर्षाला २०० कोटी नफ्यावर उभं होतं. प्रत्यक्षात दोन तिमाह्यांतच पाचशे कोटींचा तोटा झाला. भाव जुळला, कारण जुळलं नाही. उत्तर बरोबर आणि रीत चुकलेली असेल तर शाळेत निम्मे गुण कापायचे, तेच इथेही लागू.

चूक दोन ठिकाणी झाली. एक, आवक तिमाहीला पाचशे कोटी टिकेल असं मी धरलं. चारपैकी दोन तिमाह्यांत ती निम्म्यावर आली. मोठं काम अंगावर असताना विक्रीची माणसं, अभियंते, चाचणीची उपकरणं सगळी त्यातच गुंततात आणि नव्या कामांच्या मागे जायला कुणी उरत नाही, हे मी टॉवरच्या दिवसांत स्वतः पाहिलेलं होतं. तरी ते आकड्यात धरलं नाही. दोन, सरकारी ऑर्डर लांबते हे मला माहीत होतं, पण किती लांबते याचा हिशेब मी चांगल्या पावसाच्या गणितात घातलाच नव्हता. २०१९-२० चं पान समोर उघडं होतं, त्यातून मी "उधारी अडकते" एवढंच घेतलं. "ऑर्डर थांबली तर उलाढाल निम्म्याहून खाली जाते" हे घेतलं नाही. ते सुद्धा त्याच पानावर होतं.

आणखी एक गोष्ट, जी चूक म्हणावी की नाही मला अजून ठरवता येत नाही. पाचशेला हा शेअर स्वस्त होता का? ऑक्टोबर २०२४ मध्ये पी-ई २१ होता आणि शेअर महाग होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये नफाच नव्हता, म्हणजे पी-ई काढताच येत नव्हता, आणि कदाचित तीच विचार करायची वेळ असेल. पेट्या चालतात, जवळजवळ एक लाख ठिकाणी चालतात, हे आता कुणी नाकारू शकत नाही. पाच वर्षांपूर्वी ते नुसतं आश्वासन होतं. त्याचं मोल कुठल्याही पट्टीने शून्य नाही. मी मात्र एका गोष्टीसाठी थांबलोय: भारतातल्या एखाद्या खाजगी ऑपरेटरने किंवा बाहेरच्या कुठल्याही मोठ्या ऑपरेटरने टॉवरवरच्या रेडिओची, चाचणीची नव्हे, पक्की ऑर्डर दिली पाहिजे. पाचशे कोटींची का होईना. सामंजस्य करार, प्रदर्शनातले फोटो, भागीदारीच्या घोषणा यांची मी फाइलही ठेवत नाही.

ते पंधरा शेअर भावाकडे अजून आहेत. तिमाही निकाल आला की तो आता नफ्याच्या ओळीकडे बघत नाही. ऑर्डर बुकचा आकडा शोधतो, वजाबाकी करतो आणि मला एकच आकडा पाठवतो. सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर १,२४१ मधून २६२ वजा करून, अखेरच्या १,२०४ शी ताडून त्याने पाठवलं: "आवक २२५. दरवाजे बंदच ठेवलेले बरे."